देवाला सांगितलेला पासवर्ड

काशीराम तारीचा आवाज मला मिळाला असता, तर अर्धं आयुष्य मी लुगडं नेसून काढलं नसतं. दशावतारात मी स्त्रीपार्ट करायचो. राण्या केल्या, ऋषिपत्न्या केल्या, शाप मिळालेल्या आणि शाप देणाऱ्या बायका केल्या. राजाच्या पार्टाला लागतो तसा बेंबीच्या देठापासून उठणारा आवाज देवानं माझ्या वाट्याला दिला नाही. तो दिला आमच्या मिठबावातल्या एका रापणीच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारांच्या म्होरक्याला, ज्याला नाटकाआधीच्या आरतीला नुसता रंगमंचावर उभा केला तरी घाम फुटायचा.

काशीरामनं तो आवाज दोनच ठिकाणी वापरला. एक किनाऱ्यावर, रापणीचं लांबलचक जाळं ओढणाऱ्या माणसांचे पाय एका ठेक्यात पाडायला. दुसरा देवळात, गाऱ्हाणं घालायला. कोणाची होडी पाण्यात उतरायची असो, कोणाची लेक बाळंतपणाला यायची असो की कोणी मुंबईला नोकरीला निघालेला असो, देवासमोर उभं राहून बोलायचं ते काशीरामनं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं ते सगळ्या वाडीनं.

त्याचा एक नियम होता. देवाला अर्धवट सांगायचं नाही.

"देवाक काय एकच गाव आसा?" तो म्हणायचा. "पत्तो पुरो सांगूक नाय, तर आमचा चांगला झालेला आचऱ्याक जाऊन पडात."

म्हणून त्याच्या गाऱ्हाण्यात माणसाचं नाव यायचं, आईबापांचं यायचं, एसटी कुठली, खिडकीजवळची जागा मिळाली की नाही, हेसुद्धा यायचं. परगावचे लोक हसायचे. आम्ही नाही हसलो कधी. ज्या गावात देव हा घरचाच वडीलधारा असतो, तिथं त्याच्यापासून काय लपवायचं?

ही गोष्ट मात्र काशीरामची नव्हे, त्याच्या थोरल्या मुलीची, अक्षदाची आहे. पण बापाच्या गाऱ्हाण्याशिवाय ती सांगताच येत नाही.

अक्षदा माझ्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसायला लागली ती अठ्ठ्याण्णव सालात. तेव्हा ती सहावी-सातवीत असेल. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं मीही नुकताच नाटक कंपनी सोडून घरी बसलो होतो. अधूनमधून पेटारा उघडायचो आणि जुने मुकुट, भुजबंध, गंगावनं उन्हाला घालायचो. बाकीची पोरं मुकुट डोक्यावर चढवून पळायची. ही गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि प्रश्न विचारायची.

"नानानू, तुमी बाईल नाय, ता लोकांका म्हायत आसता. तरी लोक रडतत कशे?"

"सोंग वठला काय लोक विसारतत गो."

"आणि एकाद्यान ठरवल्यान, मी विसरूचंय नाय, तर तेणा खंय बघूचा?"

चाळीस वर्षं रंग लावला, पण हा प्रश्न मला कुठल्या जाणत्यानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "पायांकडे बघ. तोंडाक रंग लागता, आवाज बदलता. पाय मात्र आपली घरची चाल सोडूक तयार नसतत."

झालं! त्या साली जत्रेत सगळी बायामाणसं राणीच्या दुःखानं पदर डोळ्यांना लावत होती आणि ही पुढच्या रांगेत बसून मान खाली घालून नुसते पाय बघत होती. दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगते, "ती दासी झाल्ली ना, तो आपलो टपाल वाटणारो. घोट्यात पाय वाकडो टाकता." खरंच तोच होता. मी त्याला सांगितलं तेव्हा बिचारा आठवडाभर सरळ पाय टाकायचा प्रयत्न करत होता.

पुढं हायस्कुलात संगणक आला. एकच. त्याला कुणीतरी फुलाफुलांच्या कापडाचं झाकण शिवून आणलं होतं, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. त्या खोलीत अक्षदाचा जीव अडकला. दहावी झाली, बारावी झाली, कणकवलीला वसतिगृहात राहून ती संगणकाची बी.एस्सी. करू लागली. सुट्टीत आली की माझ्या खळ्यात यायची आणि सांगायची की संगणकातसुद्धा सोंगं असतात. कोणीतरी बँकेचं सोंग घेऊन येतो, कोणी ओळखीच्या माणसाचं. "आणि नानानू, थंय पण पाय दिसतत हां. बघूक मात्र येवक होया."

ती शेवटच्या वर्षाला होती तेव्हा, दोन हजार सहा साली, तिच्या सरांनी तिला एका सरकारी योजनेची बातमी दिली. बँका, दवाखाने, पोलिसांची दप्तरं, सगळं संगणकात चाललं होतं आणि त्यामागोमाग चोरही निघाले होते. तेव्हा ही राखण करणारी मुलं सरकारनंच तयार करायची, असं ठरलं होतं. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. निवड झाली की वर्षभर पुण्याला शिक्षण, राहण्या-जेवण्याचा खर्च सरकारचा, वर हातखर्चाला विद्यावेतन. त्याबदल्यात पुढची दोन वर्षं सरकारच्या सायबर विभागात नोकरी करायची.

हे सगळं तिनं घरी सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. तिची आई आनंदी बाजारातून येऊन रिकामी पाटी धूत होती.

"संगणकाची राखण?" आनंदी म्हणाली. "म्हणजे तू राखणदार होतलंस?"

"तसाच समज, आये."

"आमच्या राखणदाराक वर्साक एक कोंबो लागता. तुझ्या राखणदाराक काय लागता?"

"पासवर्ड लागता. गुपित शबुद. तो सांगल्याशिवाय तो कोणाक आत सोडणा नाय."

काशीराम जाळं शिवत बसला होता. त्याचे हात थांबले. ही गोष्ट त्याला पटली. गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, काहीतरी द्यावं लागतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आनंदीला मात्र वेगळीच घाई होती. आरोंद्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरची यांत्रिक होडी. "पावसाळो सरलो काय ते लोक येतले," ती म्हणाली. "तेंका काय सांगू? चेडू चोर पकडूक गेला म्हणान?"

शेवटी काशीरामनं निकाल दिला. "ह्यो एक डाव तिका खेळूक दी. झाला तर पुणा. नाय झाला तर आरोंदा. मगे रडूचा नाय, बाय."

"नाय रडूचंय," अक्षदा म्हणाली. पण ती माझ्याकडं बघत होती आणि मला तिचे पाय दिसत होते. अंगठ्यानं ती जमीन उकरत होती.

अर्ज संकेतस्थळावर भरायचा होता. प्रत्येकाला तिथं आपलं स्वतःचं खातं. निकाल त्यात येणार, मुलाखतीची तारीख त्यात येणार, आणि उघडायचं ते पासवर्डनं. परीक्षा कोल्हापूरला होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी काशीराम तिला एसटीवर पोचवायला गेला. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यानं खिडकीशी तोंड नेलं.

"बाय, उद्या तुझ्यासाठी गाऱ्हाणा घालूचा आसा. तुझो नंबर सांग."

तिनं सांगितला. शाळेचं नाव सांगितलं. कुठल्या मजल्यावर तेसुद्धा सांगितलं.

"आणि तो राखणदाराचो शबुद?"

"बाबा, तो कोणाक सांगूचो नसता."

"कोणाक खंय सांगतंय? देवाक सांगतंय!"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आता देवाला नाही कसं म्हणायचं आणि बापाला तरी कसं म्हणायचं? अक्षदानं खिडकीतून वाकून त्याच्या कानात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, तिकडं परीक्षेची घंटा व्हायच्या वेळेला, इकडं देवळात सगळी वाडी जमली. काशीरामनं डोक्याला टॉवेल बांधला, हात जोडले आणि तो आवाज सोडला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या आमच्या काशीराम-आनंदीचा चेडू, अक्षदा, कोल्हापुराक परीक्षेक बसला हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय वाकडानाकडा असात, ता पायाखाली घाल, आणि तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्या राखणदाराचो पासवर्ड असो आसा म्हाराजा. कुर्ली, सात, तिसऱ्या! सगळा इंग्लिशीत, आणि मदी जागा सोडूची नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात मीही होतो. खणखणीत म्हटलं. गाऱ्हाणं चाललेलं असताना शब्दाशब्दाचा विचार कोण करतो? देवळाच्या आढ्यावरची कबुतरंसुद्धा उडाली, इतक्या जोरात आम्ही सगळ्यांनी तो पासवर्ड देवाला पोचवला.

संध्याकाळपर्यंत वाडीतली पोरं लंगडी घालताना 'कुर्ली-सात-तिसऱ्या, कुर्ली-सात-तिसऱ्या' म्हणत होती. ठेका चांगला होता, आणि कुर्ली म्हणजे खेकडा नि तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, दोन्ही पोरांच्या रोजच्या ताटातल्या. अक्षदाला यातलं काहीच कळलं नाही. कोल्हापूरहून ती परस्पर कणकवलीला गेली, कारण कॉलेजची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती.

आता या गोष्टीत परशुराम येतो. परशुराम म्हणजे आनंदीचा भाऊ, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याला महाराष्ट्रातल्या सगळ्या गाड्या पाठ, इंग्रजी पाट्या वाचता येतात आणि भाचीवर त्याचा जीव. निकाल कधी लागतो म्हणून तो रोज देवगडला किरणच्या सायबर कॅफेत जायला लागला. किरणला म्हणायचा, "घाल, कुर्ली सात तिसऱ्या." आणि एक दिवस खातं उघडलं तर आत अभिनंदन! अक्षदा लेखी परीक्षा पास झाली होती, मुलाखतीला पुण्याला बोलावलं होतं.

परशुरामनं तारीख बघितली आणि खिशातलं छोटं पंचांग काढलं. अमावास्या!

अमावास्येला आमच्याकडं नवी होडी पाण्यात घालत नाहीत, नवं जाळं बांधत नाहीत. आणि पोरीच्या जन्माचं काम त्या दिवशी? परशुरामनं खाली वाचलं. उमेदवाराला तारीख एकदा बदलून घेता येईल. त्यानं उपलब्ध तारखांमधून पंचांग बघून सगळ्यांत शुभ दिवस निवडला आणि किरणला बटण दाबायला लावलं. कुठल्या तारखेला केंद्र कुठं, हे त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते त्यानं वाचलं नाही. पुण्याच्या सगळ्या गाड्या मला पाठ आहेत, एवढ्याच आनंदात तो होता. मग पेढे घेऊन तो टेलिफोन बूथवर गेला आणि कणकवलीच्या वसतिगृहात फोन लावला.

"बाय, पास झालंस गो! आणि मुलाखत अमावास्येक ठेवल्यानी होती मेल्यांनी. मी बदलून घेतलंय. तू कायएक काळजी करू नको!"



"मामा, तुमका आत जावक कसा गावला?"

"जावक कसा म्हणजे? पासवर्ड घालून!"

"तो तुमका कोणी दिलो?"

"कोणी दिलो? अगो, देवळात सांगूक नाय? आख्ख्या वाडीक म्हायत आसा. शेजारच्या तुळसाचो चार वर्सांचो नातू म्हणान दाखयता!"

संध्याकाळच्या गाडीनं अक्षदा मिठबावात आली. कणकवलीत तिनं खातं उघडून बघितलं होतं. परशुरामच्या शुभ दिवशी मुलाखत होती नागपूरला, आणि त्याच दिवशी कॉलेजची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. तारीख पुन्हा बदलता येत नव्हती. पासवर्ड तिनं तिथल्या तिथं बदलला होता, पण मासे गेल्यावर जाळ्याला गाठ मारून काय उपयोग? हातात एकच गोष्ट उरली होती. ज्या दिवशी आधी बोलावलं होतं त्या दिवशी, अमावास्येला, पुण्यात जाऊन दारात उभं राहायचं आणि खरं काय ते सांगायचं.

काशीराम ओसरीवर बसून राहिला होता. "माझ्या तोंडाक शिरा पडो," तो म्हणाला. इतका बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"बाबा, तुमी एकट्यान नाय," अक्षदा म्हणाली. "मीच सांगलंय ना तुमका?"

आनंदीनं आरोंद्याचा 'आ' काढला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "नाना, तुमी पुण्याक नाटकां केलास. तुमी जावा तिच्यावांगडा."

परशुरामला कोणी जा म्हटलं नव्हतं. तो एसटीचा जुना खाकी कोट घालून आधीच फाट्यावर उभा होता. "गुन्हेगार मी आसंय," म्हणाला, "माका वगळून खटलो चालूचो नाय."

गाडीत अक्षदा पुटपुटत होती. मी विचारलं, काय पाठ करतेस? म्हणाली, माफी पाठ करते, शुद्ध मराठीत.

मी तिला सांगितलं, "आमच्या दशावतारात एक तरी वाक्य लिहिलेला आसता काय गो? कथा म्हायत होयी. समोरचो राजा काय बोलता ता नीट आयकूचा, मगे आपला बोलणा आपसूक येता. पाठ केलेला माणूस समोरच्याचा आयकणाच नाय. तुझी कथा तुका म्हायत आसा मा? मगे झाला."

पुण्यात ते कार्यालय एका जुन्या दगडी इमारतीत होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं म्हातारे बसलो आणि ती आत गेली. मी आत नव्हतो, पण पुढं तिनं माझ्या खळ्यात तो सगळा प्रवेश मला करून दाखवला, तीन परीक्षकांचे तीन आवाज काढून. तेव्हा जे लिहितो आहे ते नाटकासारखं वाटलं, तरी नटी विश्वासू आहे.

मधोमध अध्यक्ष बाई बसल्या होत्या. आखूड पांढरे केस, चष्मा गळ्यात. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तुमचं नाव आज नाही. तुम्ही स्वतः तारीख बदललीय."

"मी नाही बदलली. माझ्या मामांनी बदलली."

"मामांकडे तुमचा पासवर्ड कसा गेला?"

"देवळातून."

उजवीकडच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. अक्षदानं मग सगळं सांगितलं. एसटीची खिडकी, गाऱ्हाणं, कुर्ली, तिसऱ्या, पंचांग. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाली, "मी वडलांना सांगितलं. वडलांनी देवाला सांगितलं. देवाचं अंगण माणसांनी भरलेलं होतं."

डावीकडचे गृहस्थ पोलीस खात्यातले असावेत. ते हसले नाहीत. "म्हणजे राज्याच्या संगणकांची राखण करायला आलेली मुलगी," ते म्हणाले, "स्वतःचा पासवर्ड लंगडीच्या गाण्यात देऊन आली. आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

अक्षदा सांगते, त्या क्षणी तिनं पाठ केलेली सगळी माफी वाहून गेली. मग तिला किनारा दिसला.

"सर, माझे वडील रापणीचे तांडेल आहेत. ते देवाला सगळं सांगतात. जाळं कुठलं, दोर कुठले, माणसं कोण. पण एक गोष्ट त्यांनी देवळात कधीच मोठ्यानं सांगितली नाही. मासळीचा थवा कुठं दिसला ते. कारण देवळात शेजारच्या गावचेही चार लोक उभे असतात. ते फक्त मनात सांगतात."

"मग?"

"म्हणजे गुपित कसं ठेवायचं हे आमच्या माणसांना चांगलं येतं. पासवर्ड हा जाळ्यासारखा नाही, थव्यासारखा आहे, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. मी नुसतं म्हटलं, 'सांगायचा नसतो'. का नसतो ते समजावण्याआधी गाडी सुटली. चूक तिथं झाली, आणि ती माझी आहे. पण उद्या तुम्ही कितीही भक्कम कुलपं केलीत तरी ती वापरणार माझे बाबा आणि मामाच. त्यांच्या भाषेत त्यांना सांगणारं कोणीतरी लागेल."

मग अध्यक्ष बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते मामा कुठं आहेत?"

"बाहेर. खटल्यासाठी आलेत."

परशुराम आत गेला तो कोटाची बटणं लावत. ऑफिसात शिरला म्हणून त्यानं शुद्ध मराठी धरली. "साहेब, बाईसाहेब, पोरीचा दोष नाही. तो मी आहे. पण मला एक सांगा. एवढं मोठं सरकार, आणि मुलाखत अमावास्येला ठेवताना कोणाकडे एक पंचांग नव्हतं?"

हे आम्हाला बाकावर ऐकू आलं. आणि त्यामागून बाईंचं हसू. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं.

"तुम्हीच एकटे नाही हो," त्या म्हणाल्या. "आजच्या यादीतल्या बऱ्याच मुलांनी तारीख बदललीय. सकाळपासून आम्ही तिघं चहा पीत बसलोय. मला कारण कळत नव्हतं, ते आत्ता कळलं."

नियम मोडायला नको म्हणून पोलीसवाल्या साहेबांनी स्वतः नियमांचं पुस्तक काढलं. मूळ तारखेला उमेदवार हजर असेल आणि वेळ मोकळी असेल, तर मुलाखत घेण्याचा अधिकार अध्यक्षांना होता. वेळ मोकळीच मोकळी होती. अमावास्येनं जे घालवलं होतं, ते अमावास्येनंच परत केलं.

मग अक्षदाची खरी मुलाखत झाली. ती मला करून दाखवण्याजोगी नव्हती, म्हणाली, त्यात सगळी गणितं होती. बाहेर आली तेव्हा मी तोंडाकडं नाही बघितलं. पाय बघितले. ते जमीन उकरत नव्हते.

निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी पाऊस जोरात होता आणि समुद्र बंद. तिनं नवा पासवर्ड घालून स्वतःच खातं उघडलं. परशुराम मागं तोंड फिरवून उभा होता. "मी बघणंय नाय," म्हणत होता, "माका सांगू नको, माका काय सांगू नको!"

तिनं वर्षभर पुण्याला शिक्षण घेतलं. पहिल्या विद्यावेतनातून आईला प्लॅस्टिकची मोठी थंड पेटी आणली, मासे ताजे राहायला. आनंदी ती बाजारात पाटीशेजारी ठेवून बसायची. कोणी विचारलं की म्हणायची, "सरकारान दिल्यान. माझा चेडू राखणदार आसा." आरोंद्याच्या मुलाचं लग्न खारेपाटणच्या मुलीशी झालं. आमच्याकडून आहेर घेऊन अक्षदाच गेली होती.

पुढची दोन वर्षं तिनं ओरोसला पोलिसांच्या सायबर कामात काढली. त्याच सुमारास गावोगावी मोबाईल आले आणि त्यांच्यामागून लॉटरीचे संदेश. तुम्हाला परदेशी लॉटरी लागली, बँकेचा नंबर कळवा. एकदा आमच्या तुळसाला फोन आला. बोलणारा म्हणे बँकेचा मोठा साहेब. तुळसानं त्याला विचारलं, "साहेबानू, तुमची शाखा खंयची? थंय वडाच्या झाडाखाली बसतत तेंचा नाव काय?" फोन बंद झाला. हे तिला अक्षदानं शिकवलं होतं. गावोगावच्या सभेत ती सांगायची, "तोंड रंगवता येतं, आवाज बदलता येतो. पाय बघा. जो बँकेचा आहे त्याला बँकेचं अंगण माहीत असतं." मी पहिल्या रांगेत बसलेला असलो की माझ्याकडं बोट दाखवून म्हणायची, "ही विद्या ह्या राणीसाहेबांची." लोक टाळ्या वाजवायचे. एवढ्या टाळ्या मला लुगड्यात पण मिळाल्या नव्हत्या.

दोन हजार नऊ साली तिची करारातली दोन वर्षं संपली. त्याच विभागात कायमची जागा निघाली होती. तिनं परीक्षा दिली आणि तिची नेमणूक झाली. रुजू व्हायच्या सकाळी वाडी देवळात जमली. काशीराम आता थकला होता, रापणीचा दोर त्यानं धाकट्यांच्या हातात दिला होता. पण टॉवेल बांधला, हात जोडले, आणि आवाज तोच!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आमचा चेडू, अक्षदा, आज सरकाराच्या कायमच्या नोकरीक जाता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळच्या ओरोसच्या गाडीन जाता हा, जागा खिडकीकडची गावली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्या राखणदाराचो पासवर्ड..."

अक्षदानं डोळे गच्च मिटले. परशुरामनं दोन्ही कानांवर हात ठेवले. काशीरामनं मुद्दाम थांबा घेतला. एवढा लांब थांबा घ्यायची छाती मला चाळीस वर्षांत झाली नाही.

"...माका म्हायत नाय म्हाराजा! इचारूक पण नाय म्हाराजा! थवो खंय आसा तो तेचो तेका म्हायत आसा, आणि तुका म्हायत आसात, तर मनातच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कबुतरं उडाली. इतक्या आवाजांत माझा बारीक, बाईचा आवाज कोणाला ऐकू गेला नसेल. पण मी मात्र गुडघे विसरून, सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत म्हटलं.